आवाळू: न दुखणाऱ्या गाठीची ओळख आणि उपाय



पाठीवर, मानेवर, कानामागे नाहीतर डोक्यात केसांच्या आत एखादी गोल गाठ असते. ती दुखत नाही, खुपत नाही. ज्वारीच्या दाण्याएवढी होती ती चार-पाच वर्षांत सुपारीएवढी होते आणि मग तशीच राहते. आपण तिला आवाळू म्हणतो. बहुतेक प्रत्येक गावात असे आवाळू असलेली दहा-पाच माणसे तरी सापडतील. कामाच्या रगाड्यात तिकडे लक्ष जात नाही. मग एक दिवस फवारणीच्या पंपाचा पट्टा घासतो, किंवा न्हाव्याचा वस्तरा लागतो, आणि गाठ लाल होऊन ठणकू लागते. तेव्हा घरात चर्चा सुरू होते. एक म्हणतो बिब्बा लावा, दुसरा म्हणतो दाबून काढा, तिसरा हळूच कॅन्सरचे नाव घेतो आणि घरातल्या बायकांची झोप उडते.

यातला भलता धीर वाईट आणि भलती भीतीही वाईट. म्हणून आवाळू म्हणजे काय, ते कसे ओळखावे, त्याचे काय करावे आणि काय करू नये, हे या वेळी नीट समजून घेऊ.

गाठीच्या आत काय असते?

आपली कातडी सारखी झडत असते. अंग घासले की मळाबरोबर निघतो तो बराचसा मेलेल्या कातडीचा कोंडाच असतो. खालून नवी कातडी तयार होते, वरची जुनी गळून पडते. हे काम जन्मभर चालू असते.

कधी कधी कातडीचा एक बारीकसा भाग आत दुमडला जातो आणि त्याची बंद पिशवी बनते. बहुधा हे केसाच्या मुळाशी घडते. तिथले तोंड बुजले म्हणजे झाले. कधी ते जखमेमुळेही होते. बाभळीचा काटा तळहातात खोल घुसला, तर त्याबरोबर कातडीचे चार कण आत ढकलले जातात आणि काही महिन्यांनी तिथे टणक गोळी लागते. कान टोचल्यावर पाळीत अशी गाठ येते तीही याच जातीची.

आता ही पिशवी कातडीचीच असल्यामुळे तिचा स्वभावही कातडीचाच. ती कोंडा टाकत राहते. पण बाहेर पडायला वाट नाही. पोत्याचे तोंड शिवले आणि आत धान्य भरतच राहिले तर पोते फुगेल, तशी ही पिशवी हळूहळू फुगते. आतला पदार्थ दह्याच्या चोथ्यासारखा, पांढरट-पिवळसर आणि घाण वासाचा असतो. लोक त्याला चरबी समजतात, पण ती चरबी नव्हे. बैलाच्या शिंगात, खुरात आणि आपल्या नखात जो पदार्थ असतो त्याच जातीचा तो असतो. त्याला केराटिन म्हणतात. पूर्वी डॉक्टर मंडळीही ही गाठ कातडीतल्या तेलाच्या ग्रंथीची समजत. अजूनही कागदावर ‘सेबेशियस सिस्ट’ असे लिहिलेले दिसते ते त्या जुन्या समजुतीमुळे. हल्ली तिला ‘एपिडर्मॉइड सिस्ट’ म्हणतात. नाव काहीही असो, गाठ तीच.

डोक्यातले आवाळू थोडे वेगळे. ते केसाच्या मुळाच्या आवरणापासून होते, अधिक घट्ट असते आणि पुष्कळदा एकापेक्षा जास्त असतात. ते घराण्यातही चालते. आजोबांच्या डोक्यात तीन, वडिलांच्या डोक्यात दोन आणि चाळिशीनंतर मुलाच्या डोक्यात एक, असे दिसले तर नवल वाटू नये.

एवढे मात्र नक्की, की आवाळू संसर्गाचे नाही. एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणावर झोपल्याने किंवा कपडे वापरल्याने ते दुसऱ्याला होत नाही. ते रक्त बिघडल्यामुळे होत नाही, दृष्ट लागल्यामुळे होत नाही आणि कुणाच्या शापाने तर नाहीच. त्यामुळे रक्तशुद्धीच्या बाटल्यांवर पैसे घालवू नयेत. २०२२ साली महाराष्ट्रात जनावरांमध्ये लम्पीची साथ आली तेव्हा गुरांच्या अंगावरच्या गाठी पाहून अनेकांना शंका आली होती. लम्पी हा गुरांचा रोग आहे, तो माणसाला होत नाही. तुमच्या पाठीवरच्या गाठीशी गोठ्यातल्या रोगाचा काहीही संबंध नाही.

आवाळू कसे ओळखावे?

चांगल्या उजेडात बसून घरच्या माणसाकडून गाठ पाहून घ्यावी.

गाठ गोल असते, कातडीच्या लगेच खाली असते. बोटाने हलवली तर खालच्या मांसावरून सरकते, पण वरची कातडी एखाद्या ठिकाणी तिला चिकटलेली असते. पुष्कळदा मधोमध एक बारीक काळा ठिपका दिसतो. ते या पिशवीचे बुजलेले तोंड होय. हा ठिपका असला तर ओळख जवळजवळ पक्की झाली. डोक्यातल्या गाठीला मात्र बहुधा असा ठिपका नसतो. गाठ वाढते ती फार सावकाश, महिन्यांच्या नव्हे तर वर्षांच्या हिशेबाने.

आता तिच्या भावंडांची ओळख करून घेऊ, कारण अंगावरची प्रत्येक गाठ आवाळू नसते.

चरबीची गाठ: हिला डॉक्टर ‘लायपोमा’ म्हणतात. ही मळलेल्या कणकेसारखी मऊ असते. बोट लावले की कडेने निसटते. वर ठिपका नसतो. दंडावर, पाठीवर, मांडीवर अशा गाठी येतात, कधी एकाच माणसाला आठ-दहाही असतात. तूप-तेल बंद केल्याने त्या विरघळत नाहीत. त्रास नसेल तर त्यांना काहीही करावे लागत नाही.

मनगटावरची गाठ: मनगटाच्या मागच्या बाजूला येणारी, हात वाकवला की ठळक दिसणारी ही गाठ सांध्याच्या किंवा स्नायूच्या दोरीच्या आवरणाची असते. आत घट्ट पाकासारखे पाणी असते. यातल्या पुष्कळ गाठी आपोआप जिरतात. जाड पुस्तकाने किंवा लाकडाने मारून ती फोडण्याची जुनी पद्धत आहे. तसे करू नये. गाठ पुन्हा येते आणि मनगटाला इजा होते ती वेगळीच.

गळू, करट, केसतूड: हे दोन-चार दिवसांत येतात, लाल असतात, ठणकतात, पिकतात. आवाळू वर्षानुवर्षे गप्प असते. दोघांतला हा फरक ध्यानात ठेवावा.

अवधाण: पायाला जखम झाली की जांघेत आणि हाताला झाली की काखेत गाठ येते ते अवधाण. जखम बरी झाली की तेही ओसरते. दोन-तीन आठवड्यांत ओसरले नाही तर दाखवावे.

तान्ह्या बाळाच्या नाकावर, गालावर बारीक पांढरे दाणे दिसतात तेही कातडीच्या आतले कोंड्याचे कण असतात. ते काही आठवड्यांत आपोआप जातात. ते नखाने काढू नयेत, त्यावर काही चोळू नये.

जुन्या माणसांना गाठ म्हटली की नारूही आठवतो. विहिरीच्या पाण्यातून होणारा हा रोग एके काळी आपल्याकडे घरोघर होता. आता त्याची चिंता नको. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ साली आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने आपला देश नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले.

या गाठींना आवाळू समजू नये

वाचकहो, या लेखातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. बाकीचे विसरलात तरी चालेल, पण हे घरात वाचून दाखवा.

पहिली गोष्ट, बाईच्या स्तनातली गाठ. ती दुखत नसली तरी, किंबहुना दुखत नाही म्हणूनच, लगेच दाखवावी. आपल्याकडे बाया ती लाजेने झाकून ठेवतात. सुगी होऊ दे, मुलीचे लग्न होऊ दे, असे म्हणता म्हणता वर्ष निघून जाते. स्तनातल्या सगळ्याच गाठी कॅन्सरच्या नसतात, बहुतेक साध्याच असतात. पण कोणती साधी आणि कोणती नव्हे हे घरी बसून कळत नाही. जी कॅन्सरची असते तीसुद्धा लवकर सापडली तर बरी होऊ शकते. सासूने सुनेला आणि लेकीने आईला हे मोकळेपणाने विचारावे. नवऱ्यानेही कामाचे निमित्त सांगू नये.

दुसरी, मानेवरची गाठ. मानेवर एकाला एक चिकटलेल्या गाठी, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणे, भूक मंदावणे अशी लक्षणे असली तर ती गंडमाळ म्हणजे गाठींचा क्षय असू शकतो. क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि पूर्ण मुदतीची औषधे घेतली तर तो बरा होतो. तंबाखू, गुटखा, मिसरीची सवय असलेल्या माणसाच्या मानेवर घट्ट गाठ आली आणि तोंडात न भरणारी जखम असली, तर एक दिवसही थांबू नये. गळ्याच्या पुढच्या बाजूला असलेली आणि गिळताना वर-खाली होणारी गाठ ही गलग्रंथीची असते. तिचीही वेगळी तपासणी लागते.

तिसरी, जांघेतली किंवा बेंबीजवळची गाठ. उभे राहिले, खोकले, ओझे उचलले की फुगते आणि आडवे झाले की आत जाते. हा अंतर्गळ आहे. गाठीत पू नसतो, आतडे असते. तिला सुई किंवा ब्लेड लावणे म्हणजे जिवाशी खेळ. अशी गाठ एकाएकी घट्ट झाली, आत जाईना, पोट दुखून उलट्या सुरू झाल्या, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

चौथी, बोट ठेवले असता नाडीसारखे ठोके लागतात ती गाठ. ती रक्तवाहिनीची असू शकते. तिला हात लावू नये, डॉक्टरला दाखवावे.

पाचवी, लहान मुलाच्या भुवईच्या कडेला, नाकाच्या मध्यरेषेवर किंवा पाठीच्या कण्यावर जन्मापासून असलेली गाठ. ही कधी कधी खोलवर गेलेली असते. ती गावात कापून घेऊ नये. मोठ्या रुग्णालयात फोटो काढून मगच निर्णय होतो.

याशिवाय कोणतीही गाठ दगडासारखी घट्ट असेल, खाली हाडा-मांसाला चिकटलेली असेल, दोन-तीन महिन्यांत भराभर वाढली असेल, पाच सेंटिमीटरपेक्षा म्हणजे मोठ्या लिंबापेक्षा मोठी असेल, वर न भरणारी जखम असेल किंवा एकदा काढून पुन्हा आली असेल, तर ती तपासून घ्यावी. लहान वयातच अंगावर पुष्कळ आवाळवे येऊ लागली तरीही डॉक्टरला विचारावे.

काय करू नये?

आवाळू दाबून फोडू नये. ही सर्वांत मोठी चूक. बाहेरून दाबले की थोडा चोथा बाहेर येतो, माणसाला वाटते झाले काम. पण त्याच वेळी आतली पिशवी फाटते आणि उरलेला चोथा आजूबाजूच्या मांसात शिरतो. शरीराला तो परका वाटतो आणि ते त्याच्याशी झगडू लागते. गाठ लाल होते, सुजते, ठणकते. म्हणजे जे गप्प होते ते आपणच जागे केले.

बिब्बा लावू नये. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात, जखम होते आणि जन्माचा डाग राहतो. पिशवी मात्र आत जशीच्या तशी असते. रुईच्या चिकाचेही तेच, आणि तो डोळ्यात गेला तर डोळा धोक्यात येतो. तापल्या लोखंडाचा डाग देणे, ॲसिड लावणे, घोड्याच्या केसाने आवळून बांधणे हे सारे प्रकार टाळावेत. कातडीखालची गाठ वरून भाजून किंवा बांधून कशी जाईल?

सुईने किंवा दाढीच्या पात्याने टोचू नये. अशाने धनुर्वातासारखा भयंकर रोग होऊ शकतो. आपण शेणा-मातीत काम करणारी माणसे, आपल्याला हा धोका अधिक.

मलमाने किंवा गोळीने आवाळू विरघळत नाही. तसे सांगून कुणी महिनोन्‌महिने औषध देत असेल तर पैसे घालवू नका.

मग उपाय काय?

पहिला उपाय म्हणजे काहीही न करणे. हे ऐकून आश्चर्य वाटेल, पण लहान, न दुखणारे, एकाच आकाराचे राहिलेले आवाळू तसेच ठेवले तरी चालते. एकदा डॉक्टरला दाखवून ते आवाळूच आहे याची खात्री करून घ्यावी, मग निर्धास्त असावे. त्याचा कॅन्सर होणे फारच विरळा. डोक्यात असेल तर फणी जपून फिरवावी, हजामत करताना न्हाव्याला आधी सांगावे. पाठीवर असेल तर पंपाच्या पट्ट्याखाली जाड फडक्याची घडी घालावी. डोक्यावर ओझे वाहणाऱ्या बाईने चुंबळ गाठीवर येणार नाही अशी ठेवावी.

काढावे केव्हा? वारंवार सुजते, कपड्याला किंवा ओझ्याला घासते, वाढत चालले आहे, डोळ्याजवळ किंवा बसण्याच्या जागी आहे, अथवा दिसायला वाईट दिसते आणि मनाला लागते, तर काढून टाकावे. हे शेवटचे कारणही खरेच कारण आहे. तरुण मुलीच्या गालावरच्या गाठीला ‘त्यात काय एवढे’ असे म्हणणे सोपे असते. ज्याच्या तोंडावर असते त्यालाच ते कळते.

काढण्याचे खरे तंत्र एकच: पिशवी अख्खी निघाली पाहिजे. शेतात लव्हाळा वरून कापला तर आठ दिवसांत पुन्हा डोके वर काढतो, कारण खाली गाठ शिल्लक असते. आवाळवाचेही तसेच. चोथा काढला आणि पिशवी राहिली तर ती पुन्हा भरते. ही गोष्ट आपल्याकडे फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. सुश्रुतसंहितेत ग्रंथी आणि अर्बुद यांची वेगवेगळी वर्णने आहेत आणि अर्बुद काढताना त्याचा अंश मागे राहिला तर ते पुन्हा वाढते, असा इशारा दिलेला आहे.

शस्त्रक्रिया म्हटली की छातीत धस्स होते. पण ही शस्त्रक्रिया लहान असते. गाठीभोवती बधिर करण्याचे इंजेक्शन देतात. त्याचे दोन-चार चटके बसतात, पुढे दुखत नाही, फक्त ओढल्यासारखे वाटते. मग छोटा छेद घेऊन पिशवी सोडवून काढतात आणि टाके घालतात. बहुधा अर्ध्या-पाऊण तासात काम होते आणि त्याच दिवशी घरी येता येते. ज्या औषधाने हा भाग बधिर करतात ते लिग्नोकेन १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झाले. त्याआधीच्या लोकांचे हाल ऐकायचे असतील तर इंग्लंडच्या चौथ्या जॉर्ज राजाचे ऐका. त्याच्या डोक्यावर असेच आवाळू झाले होते. ॲस्टली कूपर नावाच्या नामांकित शल्यविशारदाने ते काढले. त्या काळी भूल नव्हती आणि जंतूंचे ज्ञानही नव्हते. राजाची जखम चिघळली तर काय, या धास्तीने खुद्द कूपर कासावीस झाला होता. जखम भरली, आणि १८२१ साली राजाने त्याला बॅरोनेट हा किताब दिला. राजाला जे सोसावे लागले ते आज कोणत्याही शेतकऱ्याला सोसावे लागत नाही.

काढण्यापूर्वी डॉक्टरला चार गोष्टी आपण होऊन सांगाव्यात: मधुमेह किंवा रक्तदाब आहे का, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, पूर्वी एखादे औषध किंवा इंजेक्शन सोसले नाही असे झाले आहे का, आणि बाई असेल तर दिवस गेले आहेत का. चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. धनुर्वाताची लस केव्हा घेतली तेही सांगावे. काढलेली गाठ तपासणीला पाठवावी का, हेही विचारावे. शंकेला जागा राहत नाही.

घरी आल्यावर पहिले एक-दोन दिवस जखम कोरडी ठेवावी. जखमेवर हळद, राख, शेण, चुना असे काही लावू नये. टाके चेहऱ्यावरचे साधारण पाच दिवसांनी, डोक्यावरचे सात ते दहा दिवसांनी आणि पाठीवरचे दहा ते चौदा दिवसांनी काढतात. पाठीवरची जखम असेल तर टाके निघेपर्यंत आणि नंतरही काही दिवस पोती उचलणे, पंप पाठीवर घेणे, नांगर धरणे बंद. नाहीतर टाके उसवतात. म्हणून घाई नसेल तर सुगी उरकल्यावरच्या मोकळ्या दिवसांत हे काम करून घ्यावे. ऐन पेरणीच्या तोंडावर करू नये.

सुजून ठणकू लागले तर?

कोमट पाण्यात स्वच्छ फडके भिजवून, पिळून, दहा-पंधरा मिनिटे शेक द्यावा. असे दिवसातून तीन-चार वेळा करावे. पाणी कढत नसावे. दाबू नये. आपोआप फुटले तर साबणाच्या पाण्याने धुऊन स्वच्छ कापडाने झाकावे आणि डॉक्टरला दाखवावे.

प्रत्येक लाल आवाळवात जंतू असतातच असे नाही. पुष्कळदा पिशवी आतल्या आत फाटल्यामुळेच सूज येते. त्यामुळे जंतुनाशक गोळ्या लागतील की नाही हे डॉक्टरने ठरवायचे. दुकानातून दोन दिवसांच्या गोळ्या आणून खाऊ नयेत. आत पू झाला असेल तर नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, छेद देऊन तो बाहेर काढावाच लागतो. अशा वेळी पिशवी लगेच काढता येत नाही, कारण सुजलेल्या मांसात ती वेगळी दिसत नाही. सूज पूर्ण उतरू द्यावी लागते. चार-सहा आठवड्यांनी डॉक्टर पुन्हा बोलावतात. इथेच आपले लोक चुकतात. ठणका थांबला की परत जात नाहीत, आणि वर्षभरात गाठ पुन्हा उभी राहते. मग दोष डॉक्टरला!

ताप आला, लाली पसरू लागली, लाल रेघा दिसू लागल्या, सूज डोळ्याजवळ किंवा नाकाजवळ असली, तर त्याच दिवशी दवाखान्यात जावे. मधुमेही माणसाने तर साध्या सुजेलाही हलके समजू नये. साखर वाढलेली असली की पू झपाट्याने पसरतो. पाठीवर केसतूड होऊन माणूस दगावल्याच्या गोष्टी जुने लोक सांगतात. त्यातल्या कितीतरी जणांना आपल्याला मधुमेह आहे हे माहीतच नसेल. चाळिशी उलटलेल्या माणसाला वारंवार गळवे होत असतील तर त्याने रक्तातली साखर तपासून घ्यावी.

थोडे शंका-समाधान

आवाळू काढल्याने दुसरीकडे उठते काय? नाही. एकाला अनेक आवाळवे होण्याची प्रवृत्ती असेल तर दुसरे आपल्या वेळेला येते. त्याचा पहिले काढण्याशी संबंध नाही.

चाकू लावला की गाठीचा कॅन्सर होतो, असे म्हणतात ते खरे का? खरे नाही. साध्या गाठीला चाकू लावल्याने कॅन्सर होत नाही. लोक गाठ फार उशिरा दाखवतात. ती आधीपासूनच कॅन्सरची असते, आणि दोष चाकूवर येतो.

मुलीच्या डोक्यात आवाळू आहे, लग्नात अडचण येईल का? ते रोगट नाही, संसर्गाचे नाही, मूल होण्याला त्याचा अडथळा नाही. पाहुण्यांनी विचारले तर हेच सांगावे. काढायचे असेल तर काढून घ्यावे, पण ते मुलीच्या इच्छेने.

दाखवायचे कुठे? प्रथम आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. तिथले डॉक्टर पाहून सांगतील. काढायची गरज असेल तर शल्यविशारद असलेल्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात पाठवतील. आठवडी बाजारात गाठी काढून देणारे बसतात, त्यांच्या पुढे कधीही बसू नये.

शेवटी एकच काम सांगतो. या आठवड्यात एक दिवस संध्याकाळी, जेवणे झाल्यावर, घरातल्या प्रत्येकाला विचारा: कुणाच्या अंगावर कुठे गाठ आहे का? म्हाताऱ्या आईला विचारा, सुनेला विचारा, गड्यालाही विचारा. बहुतेक गाठी साध्या निघतील आणि मनावरचे ओझे उतरेल. एखादी साधी नसलीच, तर ती वेळेवर दाखवली जाईल. बैलाच्या खांद्यावर गाठ दिसली तर आपण दुसऱ्या दिवशी गुरांच्या दवाखान्यात जातो. मग घरच्या माणसाने का थांबावे?